खांद्याचे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर आणि शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाय घसरतो, माणूस हात टेकवायला जातो आणि सगळा भार खांद्यावर येतो. एक्सरेत हाडाचे तीन-चार तुकडे दिसतात. मग एक डॉक्टर प्लेट टाकू म्हणतात, दुसरे सांधा बदलू म्हणतात, तिसरे म्हणतात काहीच करू नका, झोळीत हात ठेवा. तिघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, पण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण ठरवायला हातात आठ-दहा दिवसच असतात. खालची उत्तरे त्या आठ-दहा दिवसांसाठी आणि त्यानंतरच्या लांबलचक महिन्यांसाठी लिहिली आहेत.

खांद्याचे फ्रॅक्चर म्हणजे नेमके कोणते हाड मोडते?

खांद्याशी तीन हाडांचा संबंध येतो: पुढचे गळपट्टीचे हाड, पाठीकडचे फऱ्याचे हाड आणि दंडाचे हाड. यातले कोणतेही मोडू शकते. पण ‘प्लेट की सांधा’ हा पेच पडतो तो बहुतेक वेळा दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडल्यावर, म्हणून इथे त्याच्याबद्दलच बोलू.

या टोकाला एक गुळगुळीत गोळा असतो. तो फऱ्याच्या हाडावरच्या उथळ वाटीत फिरतो. गोळ्याला लागून दोन उंचवटे असतात, बाहेरच्या अंगाला मोठा आणि पुढच्या अंगाला छोटा. रोटेटर कफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार स्नायूंपैकी तिघांचे दोर मोठ्या उंचवट्याला आणि एकाचा छोट्या उंचवट्याला बांधलेला असतो. त्याखाली हाडाचा दांडा. म्हणजे गोळा, दोन उंचवटे आणि दांडा असे चार भाग झाले. लहानपणी हे भाग वेगवेगळे वाढतात आणि नंतर एकजीव होतात. मोडतानाही हाड साधारण त्याच जुन्या सांध्यांवर उकलते.

हे दोन उंचवटे लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचीच गोष्ट निघणार आहे.

रिपोर्टमध्ये ‘फोर पार्ट फ्रॅक्चर’ लिहिले आहे. म्हणजे सगळ्यात वाईट का?

ही पद्धत चार्ल्स नीर या अमेरिकी सर्जनने १९७० साली मांडली. एखादा तुकडा आपल्या जागेपासून १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त कलला, तरच त्याला वेगळा ‘भाग’ म्हणायचे. त्यामुळे एक्सरेत रेषा पाच दिसल्या तरी तुकडे जागेवर असतील, तर ते एका भागाचे फ्रॅक्चर ठरते आणि शस्त्रक्रियेशिवाय बरे होते.

चार भाग म्हणजे मार मोठा, हे खरे. पण या आकड्यावर फार विसंबू नका. एकच एक्सरे दोन अनुभवी सर्जनांना दाखवला तर एक तीन भाग म्हणतो आणि दुसरा चार, असे नेहमी घडते. माझ्या मते तुकडे किती यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: गोळ्याला रक्त मिळते आहे का, हाड स्क्रू धरून ठेवण्याइतके घट्ट आहे का, आणि ते दोन उंचवटे कुठे गेले आहेत.

शस्त्रक्रिया करावीच लागते का?

बहुतेकांना नाही. तुकडे फारसे सरकलेले नसतील तर झोळी, दुखणे कमी करणारी औषधे आणि वेळेवर सुरू केलेला व्यायाम एवढे पुरते.

सरकलेल्या फ्रॅक्चरबद्दलही घाई करू नये, हे सांगणारा एक मोठा अभ्यास आहे. प्रोफर या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५० रुग्ण होते. निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांचा हात झोळीत ठेवला. दोन वर्षांनी रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या त्रासात आणि हाताच्या वापरात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांनी पाहिले तेव्हाही नव्हता.

मात्र ‘शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे’ असा या अभ्यासाचा अर्थ काढू नका. ज्यांचा गोळा वाटीतून निसटला होता, किंवा ज्यांना शस्त्रक्रिया हवीच असे सर्जनला स्पष्ट दिसत होते, अशांना त्यात घेतलेच नव्हते. म्हणजे प्रश्न उरतो तो मधल्या मोठ्या गटाचा. तिथे विनाशस्त्रक्रियेचा पर्याय डॉक्टरांनी गंभीरपणे मांडायला हवा. मांडला नाही तर तुम्ही विचारा.

मग कोणत्या परिस्थितीत शस्त्रक्रिया टाळू नये?

काही प्रसंगांत थांबायला वेळच नसतो. हाड कातडी फाडून बाहेर आले आहे, हात थंड आणि फिका पडला आहे, किंवा फ्रॅक्चरसोबत गोळा वाटीबाहेर निसटला आहे, अशा वेळी त्याच दिवशी हालचाल करावी लागते. मनगटाची नाडी लागते आहे म्हणून रक्तवाहिनी शाबूत आहे असे समजू नये. खांद्याभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे इतके दाट असते की मुख्य धमनीला इजा होऊनही नाडी लागू शकते.

गोळाच मधोमध चिरला असेल, किंवा गोळा आणि दांडा यांचा एकमेकांशी संपर्कच उरला नसेल, तरी शस्त्रक्रियेकडे कल असतो. मोठा उंचवटा वर किंवा मागे ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला तर हात वर नेताना तो वरच्या हाडाच्या छपराला अडतो, म्हणून हालत्या-फिरत्या माणसात तो जागेवर आणून बसवणे बरे.

एक धोका वेगळा सांगायला हवा. फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा दुखावला असेल, तर गोळा मागच्या बाजूला निसटलेला असू शकतो. समोरून काढलेल्या साध्या एक्सरेत तो जवळजवळ जागेवर असल्यासारखा दिसतो आणि निदान हुकते. हात बाहेरच्या बाजूला अजिबात वळत नसेल तर बाजूने काढलेला एक्सरे किंवा सीटी स्कॅन मागा.

डॉक्टर ‘गोळ्याचा रक्तपुरवठा’ म्हणत होते. त्याचा निर्णयाशी काय संबंध?

फार जवळचा. गोळ्याला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्या दोन: एक पुढून येते, एक मागून. पूर्वी पुढचीच महत्त्वाची मानली जायची. नंतरच्या अभ्यासांतून कळले की मोठा वाटा मागून येणारीचा आहे. फ्रॅक्चरमध्ये पुढची वाहिनी अनेकदा तुटते, तरी गोळा जगतो, याचे कोडे त्यामुळे सुटले.

रक्त तुटले आहे का, याचा अंदाज एक्सरे आणि सीटीवरून बांधता येतो. २००४ साली राल्फ हेर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही खुणा दाखवून दिल्या. गोळ्याला आतल्या बाजूने दांड्याच्या हाडाचा एक शेपटासारखा भाग चिकटून राहतो. तो ८ मिलिमीटरपेक्षा आखूड असेल, आतल्या कडेची बिजागरी, म्हणजे गोळा आणि दांडा आतून एकमेकांना चिकटून असतात ती जागा, २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, आणि फ्रॅक्चर गोळ्याच्या अगदी मुळाशी असेल, तर गोळ्याचे रक्त बहुधा तुटलेले असते.

रक्त तुटले तर पुढच्या महिन्या-वर्षांत गोळा आतून मरू शकतो, खचू शकतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. पण त्याच गटाने पुढे रुग्णांवर लक्ष ठेवले तेव्हा दिसले की सुरुवातीला रक्त तुटलेला प्रत्येक गोळा मरत नाही. नीट बसवलेल्या गोळ्यात रक्त पुन्हा शिरू शकते. आणि गोळा थोडा खचला तरी हाड योग्य आकारात जुळलेले असेल तर हात बऱ्यापैकी चालतो. म्हणूनच तरुण माणसात या खुणा दिसल्या तरी सर्जन आधी गोळा वाचवायचा प्रयत्न करतात. पंचाहत्तरीच्या माणसात त्याच खुणा सांधा बदलण्याकडे बोट दाखवतात.

एक्सरे असताना सीटी स्कॅन कशाला?

एक्सरेत तुकडे एकावर एक पडतात. सीटीत गोळा चिरला आहे का, उंचवटे किती फुटले आहेत, वाटीला मार आहे का, हे वेगवेगळे दिसते. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तो करून घ्यावाच.

प्लेट-स्क्रूची शस्त्रक्रिया कशी असते?

खांद्याच्या पुढून, छाती आणि खांद्याच्या स्नायूंमधल्या फटीतून सर्जन आत जातात. काही जण बाहेरच्या बाजूने डेल्टॉइड, म्हणजे खांद्याला गोलाई देणारा स्नायू, उभा उकलून जातात. तिथे खांद्याच्या टोकापासून साधारण ५ ते ७ सेंटिमीटर खाली ॲक्सिलरी नस आडवी जाते, तिला जपावे लागते. तुकडे जुळवून हाडाच्या बाहेरच्या अंगाला प्लेट बसवतात.

हल्ली वापरतात ती लॉकिंग प्लेट. तिच्यात स्क्रूचे डोके प्लेटमध्येच आटे पकडून घट्ट बसते, त्यामुळे प्लेट आणि स्क्रू मिळून एक पिंजरा तयार होतो. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला या प्लेट आल्या, तेव्हा ठिसूळ हाडाचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. म्हाताऱ्या हाडाचा गोळा आतून पोकळ झालेला असतो, अंड्याच्या कवचासारखा. स्क्रू घट्टच राहतात, पण गोळा त्यांच्यावर खचतो आणि स्क्रूची टोके गोळ्यातून बाहेर येऊन वाटी घासू लागतात. पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

हे टळावे म्हणून चांगला सर्जन आतल्या कडेकडे जास्त लक्ष देतो. गोळा आतल्या बाजूला झुकू नये यासाठी खालून वर तिरके जाणारे दोन स्क्रू त्या कडेलगत बसवतात. गरज पडली तर आतून आधाराला दान केलेल्या हाडाचा तुकडा घालतात किंवा स्क्रूच्या टोकाशी थोडे हाडाचे सिमेंट भरतात. उंचवट्यांना मात्र स्क्रू धरत नाहीत. तिथे हाड पातळ असते. म्हणून हाडातून नव्हे, तर हाडाला चिकटलेल्या स्नायूच्या दोरातून जाड धागे ओवून ते प्लेटच्या छिद्रांना बांधतात. एक्सरेत हे धागे दिसत नाहीत आणि रुग्णाला त्यांचे नावही कोणी सांगत नाही, पण हात डोक्यापर्यंत जाणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या गाठींवर ठरते.

हाड चांगले असलेल्या तरुण आणि मध्यमवयीन माणसासाठी प्लेट हा आजही पहिला पर्याय आहे. स्वतःचा सांधा राहतो, ही गोष्ट लहान नाही.

रॉड टाकतात तो कधी?

गोळा अखंड आहे आणि फ्रॅक्चर त्याच्या खालच्या मानेत किंवा तिथून दांड्यात उतरलेले आहे, अशा वेळी हाडाच्या पोकळीतून घातलेला रॉड छान काम करतो. चीर छोटी असते. तोटा हा की रॉड वरून घालताना रोटेटर कफमधून वाट काढावी लागते आणि ती जागा नंतर दुखू शकते. नव्या सरळ रॉडमध्ये ही वाट स्नायूच्या मांसल भागातून जाते, दोराच्या टोकातून नाही, त्यामुळे त्रास कमी झाला आहे. उंचवटे फुटून विखुरले असतील तर रॉडवर भिस्त ठेवणे अवघड.

नुसत्या तारा घालून भागत नाही का?

कधी कधी भागते. लहान मुलांत, किंवा घट्ट हाडाच्या साध्या फ्रॅक्चरमध्ये कातडीतून तारा घालून हाड धरता येते. ठिसूळ हाडात तारा ढिल्या होतात आणि सरकतात. मोठा उंचवटा एकटाच सुटला असेल तर धागे, अँकर (हाडात रुतवून धागा धरणारी छोटी खुंटी) किंवा एक-दोन स्क्रू पुरतात, आणि काही वेळा ते दुर्बिणीतूनही करता येते.

अर्धा सांधा बदलणे म्हणजे काय?

फक्त गोळा काढून धातूचा गोळा बसवायचा, वाटी मूळची ठेवायची. नीर यांनीच १९५०च्या दशकात फ्रॅक्चरसाठी हा मार्ग रुळवला आणि कित्येक दशके चार भागांच्या फ्रॅक्चरवर हाच उपाय होता.

त्यातली मेख उंचवट्यांची आहे. नवा गोळा कितीही चांगला बसवा, त्याला फिरवणारे दोर उंचवट्यांनाच बांधलेले आहेत. ते उंचवटे धातूभोवती जुळले तर हात वर जातो. जुळले नाहीत, किंवा विरघळून गेले, तर दुखणे कमी होते पण हात खांद्याच्या उंचीलाही पोचत नाही. वय वाढते तसे ते न जुळण्याचे प्रमाण वाढते. म्हणून आज ही शस्त्रक्रिया मागे पडली आहे. गोळा वाचवता येत नाही, पण वय रिव्हर्ससाठी, म्हणजे पुढच्या उत्तरातल्या उलट्या सांध्यासाठी, कमी आहे, अशा मोजक्या लोकांत ती अजून केली जाते.

रिव्हर्स शोल्डरमध्ये ‘उलटे’ काय असते?

जागा उलट्या असतात. गोळा फऱ्याच्या हाडाकडे, जिथे मुळात वाटी होती तिथे बसवतात, आणि वाटी दंडाच्या हाडावर. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात ही रचना आजच्या वळणावर आणली. मुळात ती रोटेटर कफ झिजून गेलेल्या वृद्ध खांद्यांसाठी होती.

यातली युक्ती अशी. नेहमीच्या खांद्यात हात वर उचलताना कफचे स्नायू गोळ्याला वाटीत दाबून धरतात, तेव्हा कुठे डेल्टॉइडची ओढ कामी येते. कफ नसेल तर डेल्टॉइड गोळ्याला नुसताच वर ढकलतो. रिव्हर्समध्ये फिरण्याचा मध्यबिंदू आत आणि खाली सरकतो. डेल्टॉइडची तरफ लांब होते, तो ताणला जातो, आणि कफच्या मदतीशिवाय एकटाच हात उचलू शकतो. फ्रॅक्चरमध्ये याचा फायदा उघड आहे: उंचवटे जुळले नाहीत तरी हात वर जातो.

तरीही उंचवटे टाकून देऊ नयेत. ते बांधून घेतलेल्या आणि जुळलेल्या खांद्यात हात बाहेर वळवण्याची ताकद चांगली राहते आणि सांधा निसटण्याचा धोका कमी होतो. केस विंचरायला आणि तोंडापर्यंत हात नेऊन कोपर उचलायला ही वळवण्याची ताकदच लागते.

रिव्हर्ससाठी दोन गोष्टी हव्यात: काम करणारा डेल्टॉइड आणि गोळा बसवण्याइतके शाबूत वाटीचे हाड.

वय साठीच्या पुढे आहे. प्लेट करावी की रिव्हर्स?

या प्रश्नावर सर्जनांमध्ये खरेच मतभेद आहेत. नॉर्वेतल्या डेल्फी या अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या, मोठ्या प्रमाणात सरकलेल्या फ्रॅक्चरच्या १२४ रुग्णांमध्ये प्लेट आणि रिव्हर्सची तुलना केली. दोन वर्षांनी खांद्याचे काम १०० गुणांच्या मापावर रिव्हर्सच्या गटात सरासरी ६८ होते, प्लेटच्या गटात सुमारे ५५. रुग्णाला जाणवेल एवढा हा फरक आहे.

म्हणून सत्तरीच्या पुढे, हाड ठिसूळ, गोळ्याचे रक्त शंकास्पद, उंचवटे चुरडलेले, आणि तरीही शस्त्रक्रिया करायचीच असे ठरले, तर मी रिव्हर्सच्या बाजूने बोलेन. पंचावन्नच्या आत आणि हाड चांगले असेल तर प्लेटच्या. मधली दहा-पंधरा वर्षे वादाची. तिथे जन्मदाखल्यावरच्या वयापेक्षा माणूस पाहावा: काठी किंवा वॉकर वापरतो का, मोडलेला हात रोजच्या कामाचा आहे का, आधी कधी हलक्या पडण्याने हाड मोडले होते का, मधुमेह आणि धूम्रपान आहे का. स्मृतिभ्रंश असलेल्या, दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात जाणाऱ्या वृद्ध माणसाला यातले काहीही न करणे हाच कित्येकदा सगळ्यात मायेचा निर्णय असतो.

आधी प्लेट करून पाहू, बिघडले तर रिव्हर्स करू. चालेल का?

करता येते, पण हा मार्ग दिसतो तितका सुरक्षित नाही. बिघडलेल्या प्लेटनंतरच्या रिव्हर्समध्ये चिकटलेले स्नायू, झिजलेले हाड आणि जुना जंतुसंसर्ग असू शकतो. गुंतागुंत जास्त होते आणि हात पहिल्यांदाच केलेल्या रिव्हर्सइतका क्वचितच चालतो. त्यामानाने, आधी शस्त्रक्रियेशिवाय उपचार करून, नाहीच जमले तर काही महिन्यांनी रिव्हर्स करणे अधिक बरे ठरते. दोन मार्गांमध्ये वृद्ध रुग्ण अडकला असेल तर हा तिसरा मार्ग जरूर विचारात घ्या.

किती दिवसांत शस्त्रक्रिया व्हायला हवी?

तातडीची कारणे सोडली तर पहिले काही दिवस सूज उतरू द्यायला, सीटी करायला आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा बंदोबस्त करायला वापरावेत. साधारण दोन आठवड्यांच्या आत झालेले बरे. तीन-चार आठवडे उलटले की तुकडे चुकीच्या जागी चिकटू लागतात, उंचवटे मऊ होतात आणि प्लेटचे काम फार अवघड होते. दुसरे मत घ्यायला दोन दिवस लागले तर बिघडत काही नाही.

भूल कशी देतात?

बहुतेक वेळा पूर्ण भूल, आणि जोडीला मानेच्या बाजूला सुई देऊन हाताच्या नसांचा ब्लॉक. ब्लॉकमुळे पहिले १२ ते २४ तास दुखणे खूप कमी राहते. त्यात त्या बाजूचा श्वासपटल काही तासांसाठी मंदावतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही, पण दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, ते दुसऱ्या जागी ब्लॉक देऊ शकतात. पापणी थोडी खाली येणे, आवाज बसणे हेही होऊ शकते आणि औषध उतरले की जाते.

आणखी एक: ब्लॉक उतरण्याची वाट पाहू नका. उतरायच्या आधीच वेदनाशामक गोळी घ्या. पहिली रात्र त्यामुळे सुसह्य होते.

धोके कोणते?

प्लेटमध्ये स्क्रू बाहेर येणे, गोळा झुकणे, गोळा मरणे. रिव्हर्समध्ये सांधा निसटणे, आणि ताणलेल्या डेल्टॉइडमुळे खांद्याच्या टोकाच्या हाडाला तडा जाणे. महिन्यांनंतर अचानक खांद्याच्या वरच्या टोकाशी दुखू लागले तर या तड्याची शंका घ्यावी. ताठरपणा सगळ्यांत.

जंतुसंसर्ग कमी जणांना होतो, पण खांद्यात तो फसवा असतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू काखेजवळच्या कातडीच्या ग्रंथींत राहतो. तो ताप आणत नाही, पू आणत नाही. महिनोन्महिने नुसता खांदा दुखतो आणि आखडतो. प्रयोगशाळेत तो वाढायला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून नमुना तितके दिवस ठेवायला सांगावे लागते. शस्त्रक्रियेआधी बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम किंवा द्रावण लावायला दिले तर ते याच जंतूसाठी असते, टाळू नका.

खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधीर वाटते. नस तुटली का?

बहुधा तुटलेली नसते, ताणली गेलेली असते. फ्रॅक्चरच्या वेळीच ॲक्सिलरी नसेला मार बसणे सर्रास घडते. बारकाईने तपासण्या केल्या की ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त रुग्णांत सापडते. बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप सुधारते. तीन-चार आठवड्यांनी हालचाल दिसत नसेल तर ईएमजी, म्हणजे नस आणि स्नायूंची विजेच्या संकेतांवरून होणारी तपासणी, करतात.

पण शस्त्रक्रियेआधी हे तपासून कागदावर लिहून ठेवलेले असावे. रिव्हर्सचा सगळा डोलारा डेल्टॉइडवर उभा आहे, आणि डेल्टॉइडला चालवते ती हीच नस.

दंड आणि छाती काळीनिळी झाली आहे, आता कोपरापर्यंत उतरले. घाबरायचे का?

नाही. मोडलेल्या हाडाचे रक्त वजनाने खाली झिरपते. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सगळ्यात भयंकर दिसते आणि दोन-तीन आठवड्यांत पिवळे पडून जाते. सूज वेगाने वाढत असेल, हात थंड पडत असेल किंवा बोटे हलत नसतील तर मात्र लगेच रुग्णालयात जा.

व्यायाम केव्हा सुरू करायचा?

बोटे, मनगट आणि कोपर पहिल्याच दिवसापासून हलवायचे. हे कोणी सांगायला विसरते, आणि सहा आठवड्यांनी खांदा जुळलेला पण बोटे आखडलेली, असा हात समोर येतो. फार वाईट वाटते, कारण ते सहज टाळता आले असते.

खांद्याची सुरुवात पुढे वाकून हात लोंबता सोडण्यापासून होते. हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, स्नायूंनी उचलायचा नाही. मग दुसऱ्या हाताच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या मदतीने वर नेणे. झोळी साधारण चार ते सहा आठवडे. सहा आठवड्यांच्या आसपास एक्सरेत जुळणी दिसली की स्वतःच्या ताकदीने उचलायला सुरुवात, आणि दहा-बारा आठवड्यांनंतर ताकदीचे व्यायाम. शस्त्रक्रियेशिवायच्या उपचारातही वाट जवळजवळ हीच आहे.

उंचवटे बांधलेले असतील तर पहिल्या सहा आठवड्यांत स्वतःच्या जोराने हात बाहेर वळवणे किंवा खुर्चीच्या हातावर भार देऊन उठणे टाळा. धागे सुटतात. रिव्हर्स झालेल्यांनी सुरुवातीचे तीन महिने हात पाठीमागे नेऊन मागे रेटू नये, सांधा त्याच अवस्थेत निसटतो. शर्टाची बाही चढवताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते आणि बरेच जण व्यायाम सोडतात. सुधारणा वर्षभर, कधी दीड वर्ष चालू राहते. याच काळात घरच्यांनी रोज आठवण करून देणे मोलाचे आहे.

झोपायचे कसे?

पहिले काही आठवडे पाठीला उशा लावून अर्धवट बसून, आणि कोपराखाली एक लहान उशी ठेवून म्हणजे दंड मागे लोंबत नाही. आडवे झोपायचा हट्ट धरला की दुखणे वाढते. काखेत घामाने कातडी सडू नये म्हणून पुढे वाकून, हात लोंबता ठेवून काख रोज धुऊन कोरडी करावी.

हात पूर्वीसारखा होईल का?

गुंतागुंतीच्या फ्रॅक्चरनंतर पूर्णपणे क्वचितच. हे आधी ऐकलेले बरे. रिव्हर्सनंतर हात समोरून साधारण ११० ते १३० अंशांपर्यंत जातो, म्हणजे डोळ्यांच्या किंवा त्याहून थोड्या वरच्या उंचीचे कपाट जमते. पाठीमागे हात नेणे बहुतेकांना अवघडच राहते. तरुण माणसाची प्लेट चांगली जुळली तर याहून बरेच जास्त मिळू शकते. दुखण्याच्या बाबतीत निकाल हालचालीपेक्षा चांगले असतात. जेवणे, लिहिणे, कपडे घालणे, तोंड धुणे ही कामे बहुसंख्य लोक पुन्हा स्वतः करू लागतात.

वाहन चालवणे झोळी निघाल्यावर, दोन्ही हातांनी सुकाणू झटकन फिरवता येऊ लागल्यावरच. साधारण सहा ते बारा आठवडे धरा.

साध्या घसरण्याने एवढे हाड कसे मोडले?

उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर खांदा मोडला, तर ते हाड आधीच ठिसूळ झालेले असण्याची शक्यता मोठी. वयस्कर लोकांत खुबा आणि मनगटानंतर सर्वांत जास्त मोडते ते हेच. आणि पुढच्या वर्षभरात खुबा मोडण्याचा धोका वाढलेला असतो.

तरीही खांद्यावर उत्तम शस्त्रक्रिया झालेले कितीतरी रुग्ण हाडांची एकही तपासणी न होता घरी जातात. सर्जनला वाटते फिजिशियन पाहतील, फिजिशियनना वाटते सर्जनने पाहिले असेल. तुम्ही स्वतः विचारा: हाडाची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन कधी करायचा, ड जीवनसत्त्व तपासले का, हाड घट्ट करणारे औषध सुरू करायचे का. बिसफॉस्फोनेट गटातली औषधे, डेनोसुमॅब, टेरिपॅराटाइड असे पर्याय आहेत. डेनोसुमॅब सुरू केले तर दर सहा महिन्यांचे इंजेक्शन चुकवू नये. ते मध्येच थांबवल्यावर मणके मोडण्याचा धोका वाढतो. चष्म्याचा नंबर, झोपेच्या गोळ्या, पायातल्या सैल सपाता आणि रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्या.

प्लेट नंतर काढावी लागते का? एमआरआय चालेल का?

त्रास देत नसेल तर मोठ्या माणसांत प्लेट तशीच राहू देतात. स्क्रूचे टोक सांध्यात आले असेल, प्लेट वर सरकून छपराला अडत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर काढतात. हल्लीच्या टायटॅनियमच्या प्लेट आणि सांधे असताना एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, फक्त खांद्याजवळचे चित्र अस्पष्ट येते. शस्त्रक्रियेच्या कागदांत बसवलेल्या भागांची चिकटपट्टी लावलेली असते, ती जपून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला तो सांधा उघडायची वेळ आली, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या पट्टीवरूनच कळते.